आपली ओळख आपणच सांगावी

(लघुउद्योजकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा शेतकरी तो घ्यायला धजावत नव्हते. लोखंडामुळे जमीन विषारी होते, अशी समजूत होती. नांगरात खोट नव्हती. अडचण गावच्या पारावर जे बोलले जात होते त्यात होती. वस्तू उत्तम असून भागत नाही, तिच्याविषयी समाजाशी बोलावेही लागते, हे किर्लोस्करांनी ओळखले. १९२० साली निघालेली ‘किर्लोस्कर खबर’ हे या जाणिवेचेच फळ होते.

आज तो पार महाजालावर भरतो आणि तेथील बोलणे कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे ऐकत असतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले. ऑगस्ट २०२४ पासून गुगलही भारतात शोधाच्या वर तयार सारांश देऊ लागले. पूर्वी ग्राहकासमोर संकेतस्थळांची यादी येई आणि निवड तो करी. आता यंत्र चार वाक्यांत उत्तर देते आणि दोन-तीन नावे सुचवते. त्यांत आपले नाव नसेल, तर त्या ग्राहकापुरते आपण बाजारात नाहीच!

यंत्र ही नावे आणते कोठून? वृत्तपत्रे, ज्ञानकोश, कंपन्यांची संकेतस्थळे हे स्रोत आहेतच; पण रेडिट, क्वोरा यांसारख्या चर्चामंचांचे स्थानही मोठे आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये गुगलने आणि मे २०२४ मध्ये चॅटजीपीटीच्या ओपनएआय कंपनीने रेडिटशी करार केले. गुगलचा करार वर्षाला सुमारे सहा कोटी डॉलरचा असल्याचे वृत्त होते. सामान्य माणसांच्या गप्पांना एवढे मोल का? जाहिरातीत केवळ गुण असतात. चर्चेत वापरणारा माणूस अनुभव सांगतो.

कोल्हापुरी चपलेचे उदाहरण घ्या. महाराष्ट्र आणि कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांना तिचे भौगोलिक मानांकन आहे. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानमध्ये तशीच पादत्राणे सादर केली. कोल्हापूरचा उल्लेखही केला नाही. आपल्याकडे लोक उघडपणे बोलू लागले, व्यापारी संघटनेने पत्र लिहिले आणि काही दिवसांतच कंपनीला मूळ परंपरा मान्य करावी लागली. समाज बोलला म्हणून श्रेय मिळाले. गप्प राहिला असता, तर पुढे यंत्रानेही तीच परकी ओळख जगाला सांगितली असती.

मग आपण काय करावे?

प्रथम ऐकावे. कोल्हापुरी पावसात चालते का, सुरुवातीला चावते त्याला उपाय काय, खरी कशी ओळखावी, हे प्रश्न लोक विचारत असतात. पिढ्यान्‌पिढ्या चप्पल घडवणाऱ्या कारागिराइतके अचूक उत्तर कोण देणार? ते उत्तर आज लिहिलेलेच नाही, म्हणून ऐकीव माहिती खरी ठरते.

दुसरे, स्वतःच्या नावाने बोलावे. ‘हा माझाच व्यवसाय आहे’ असे आरंभीच सांगावे. प्रश्नाचे उत्तर पूर्ण द्यावे. आपल्या मालाचा उल्लेख जेथे खरोखर उपयोगी असेल तेथेच करावा. आपल्या वस्तूची मर्यादाही सांगावी. वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेले चामडे पाण्याने खराब होते, हे विक्रेत्यानेच सांगितले की त्याच्या पुढच्या शब्दावर विश्वास बसतो.

तिसरे, नेमके बोलावे. प्रिन्स्टन विद्यापीठ आणि दिल्ली आयआयटी येथील अभ्यासकांचा सहभाग असलेल्या एका संशोधनात असे आढळले की, आकडे, आधार आणि अवतरणे असलेला मजकूर यंत्राच्या उत्तरांत अधिक ठळकपणे येतो. तेच ते शब्द वारंवार पेरल्याने विशेष लाभ होत नाही. ‘सर्वोत्कृष्ट दर्जा’ या शब्दांतून यंत्रालाही काही कळत नाही आणि ग्राहकालाही नाही.

चौथे, आपले नाव सर्वत्र एकसारखेच लिहावे आणि मराठीतही लिहावे. ही यंत्रे आज बहुतांशी परकीय मालकीची आहेत, याची खंत वाटलीच पाहिजे. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने इंडिया एआय मिशनला मान्यता दिली आहे. परंतु उद्या स्वदेशी यंत्र उभे राहिले, तरी त्याला शिकायला मराठी मजकूर लागेलच. आपण लिहिले नाही, तर स्वदेशी यंत्रही मराठीत मुकेच राहील.

आता एक सावधानतेचा शब्द. पैसे घेऊन खोट्या नावांनी स्तुती लिहून देणारे लोक आहेत. ‘महिनाभरात यंत्राच्या तोंडी तुमचे नाव घालतो’ असे ते सांगतात. त्यांच्या नादी लागू नका. चर्चामंचांचे व्यवस्थापक असा मजकूर काढून टाकतात आणि एकदा लबाडी उघडी पडली की, तीच चर्चा यंत्रे वाचत राहतात. ग्राहकांच्या अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्येच मानक जाहीर केले आहे. यंत्राचा विवेक किती, हेही जगाने पाहिले आहे. मे २०२४ मध्ये गुगलच्या सारांशाने पिझ्झावरचे चीज घट्ट बसावे म्हणून गोंद घालण्याचा सल्ला दिला. त्याचा उगम रेडिटवरील अकरा वर्षांपूर्वीच्या एका थट्टेत निघाला! यंत्राला थट्टा आणि सत्य यांतला भेद नेहमीच कळतो असे नाही. म्हणूनच सत्य सांगणाऱ्यांची संख्या वाढणे हाच त्यावर उपाय आहे.

सचोटीने बोलूनही उद्या लगेच नाव झळकेल, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. पण आठवडी बाजारात ज्याच्या शब्दाला किंमत असते, त्याच्याकडे गिऱ्हाईक वाट वाकडी करून येते. स्वदेशी म्हणजे केवळ आपली वस्तू विकत घेणे नव्हे. आपल्या वस्तूची साक्ष आपण देणे, हेही स्वदेशीच आहे. या आठवड्यात प्रत्येकाने आपल्या व्यवसायाविषयीच्या एका अनोळखी माणसाच्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर लिहावे, एवढीच विनंती करतो आणि थांबतो.