बेलफळाने जिवाणू मेले नाहीत

पदवीधर मित्रमैत्रिणींनो,

मुंबईहून लाँचने निघालेला माणूस मांडव्याच्या धक्क्यावर उतरतो. त्याच मांडवा परिसरात डॉ. नोशीर अंतिया यांनी १९७०च्या दशकात गावातल्याच बायकांना शिकवून त्यांच्या हाती आरोग्याची कामे दिली. कुष्ठरोग्यांच्या वाकड्या झालेल्या हातांवर शस्त्रक्रिया करणारे हे प्लास्टिक सर्जन. त्यांनीच उभारलेल्या वरळीच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चने २००९ मध्ये कच्च्या बेलफळाच्या काढ्यावरचे संशोधन प्रसिद्ध केले. जुलाबावर बेल द्यायचा हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. प्रयोगात मात्र काढ्याने सहा जिवाणूंपैकी एकही मारला नाही. जिवाणूनाशक शोधणाऱ्याने इथेच वही मिटली असती. या संशोधकांनी पुढे पाहिले, तेव्हा दिसले की काढ्यामुळे रोगजंतूंचे पेशींना चिकटणे आणि आत शिरणे कमी होते, आणि पटकीचे विष पेशीवरच्या ज्या रेणूला धरते तिथली त्याची पकडही ढिली होते. जंतू जिवंत राहतो, पण त्याचे काम अडते.

माझे म्हणणे एवढेच, की वनस्पतीने जिवाणू मारला का, हा प्रश्न फार तोकडा आहे. दीर्घकालीन आजारांत तर तो दिशाभूल करतो, कारण तिथे आतड्यातले जिवाणू रुग्णाच्या औषधावरच काम करत असतात. हृदयविकारावरचे डिगॉक्सिन डिजिटालिस वंशातल्या वनस्पतीपासून मिळते. काही रुग्णांत ते नीट लागू पडत नाही, कारण त्यांच्या आतड्यातला एगर्थेला लेंटा हा जिवाणू ते निष्प्रभ करतो. त्याची ही क्षमता कोणत्या जनुकांत आहे, ते २०१३ मध्ये उलगडले. उलट दारुहळदीतले बर्बेरिन आतड्यातून फारच थोडे शोषले जाते. तिथलेच जिवाणू त्याचे रूप बदलतात आणि मग ते सहज शोषले जाते, असे २०१५च्या संशोधनाने दाखवले. एक जिवाणू औषध निकामी करतो, दुसरे त्याला वाट करून देतात. मग एकाच गोळीने किंवा काढ्याने एकाला गुण यावा आणि दुसऱ्याला येऊ नये, यात नवल ते काय?

यावर कोणी म्हणेल, हे सारे काचपात्रातले आणि उंदरांवरचे, माणसाचे काय? आक्षेप रास्त आहे. बेलाच्या प्रयोगातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवलेल्या होत्या, आणि जुलाबाने सुकलेल्या बाळाला आधी मीठ-साखरेचे पाणीच हवे, काढा नव्हे. पण पुरावा अपुरा असेल तर रुग्णांवरच्या नीट आखलेल्या चाचण्या करायला हव्यात. विषयच टाकून देणे हे त्याचे उत्तर नाही. दुसरा आक्षेप मला अधिक काळजीचा वाटतो: पिढ्यान्‌पिढ्या वापरलेल्या झाडपाल्याला पुरावा कशाला? काढा घेतल्यावर दोन दिवसांत जुलाब थांबले, हे अनुभवाला कळते. यकृताला महिनोन्‌महिने हळूहळू होणारी इजा त्याच अनुभवाला कळेलच असे नाही. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला झालेली इजा नोंदवली. आयुष मंत्रालयाने या रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरोखर गुळवेलच होती का, अशी शंका काढली. आजाऱ्याने गिळलेले झाड कोणते, यावरच वाद व्हावा ही मला सर्वांत गंभीर गोष्ट वाटते. नमुना जपलेला नसेल आणि जात ओळखलेली नसेल, तर पुढचा कोणताही निष्कर्ष अधांतरीच राहणार.

तुमच्यापैकी बरेच जण औषधांच्या दुकानांत, कारखान्यांत, प्रयोगशाळांत जातील. काही अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या गावांतच काम करतील. मधुमेहाची गोळी नेणाऱ्या आजीला विचारा, ‘गोळीबरोबर आणखी काय घेता? पाला कुठून आणता?’ तिने दिलेले उत्तर तारखेसह लिहून ठेवा, आणि शक्य असेल तेव्हा त्या झाडाची फांदी फुलासकट वाळवून, जात ओळखून जपा.