विमान उडतें कोणाच्या हातांवर?

(एका गांवीं यात्रेच्या दुसऱ्या दिवशीं शाळेच्या पटांगणांत जमलेल्या मंडळींपुढें केलेलें भाषण.)



तुम्ही आम्हांस हवाई दलाबद्दल चार गोष्टी सांगायला बोलावलें. आम्ही कांहीं वक्ते नाहीं. वीस वर्षें हवाई दलांत विमानाचे फिटर म्हणून काम केलें आणि पेन्शन घेऊन गांवीं परत आलों. तेव्हां फिटरला जें ठाऊक असतें तेंच सांगूं. पदरचें घालणार नाहीं.

काल यात्रेंत तिघांनीं आम्हांस गांठलें. एक म्हातारी म्हणाली, "बाबा, नातू विमानाचं खूळ घेऊन बसलाय. वरून पडला तर?" एका शेतकऱ्यानें विचारलें, "चार वर्षांनीं घरीं धाडतात म्हणे. मग भरतीसाठीं बैल विकूं का नको?" आणि एक मुलगी आईच्या पदराआडून हळूच म्हणाली, "मुलींना घेतात का?" आजचें भाषण या तीन प्रश्नांचें आहे. पण त्याआधीं विमान म्हणजे काय आणि तें कोणाच्या हातांवर उडतें हें सांगितलें पाहिजे.

आम्ही जातीनें लोहार. वडील भात्यावर बसत, फाळाला धार काढीत, कुऱ्हाडीला पाणी देत आणि सुगीला खळ्यावर जाऊन बलुतें मागत. आम्ही शाळेंत भूमितींत अडलों, तेव्हां एक मास्तर म्हणाले, "लोहाराच्या पोराला त्रिकोण कशाला? घण मार." तो शब्द आम्ही अजून विसरलों नाहीं. पुढें भरती होऊन बेळगांवजवळ सांबऱ्याला शिपाईगिरीचे पहिले धडे घेतले आणि मद्रासजवळ तांबरमला फिटरचें काम शिकायला गेलों. तेथें हातांत लोखंडाचा एक तुकडा आणि कानस दिली. घांसून चौकोन करा म्हणाले. आमचा चौकोन सर्वांत आधीं झाला. उस्तादांनीं तो मोजला आणि म्हणाले, "हात चांगला आहे, पण माप कुठें आहे?" नजरेला तो अगदीं नीट दिसत होता. पण विमानाला नजर चालत नाहीं, मिलिमीटरचा शंभरावा भाग लागतो. त्या रात्रीं आम्हांला कळलें कीं, हात आमच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या होता, पण माप आमच्या घरीं कोणी येऊंच दिलें नव्हतें. हात आणि माप एकत्र आलें कीं लोहाराचा फिटर होतो.

कोणी म्हणतील, विमान आमच्या पूर्वजांनीं केव्हांच केलें होतें, पोथींत लिहिलें आहे. मंडळी, पोथीची परीक्षाही झालेली आहे. 'वैमानिकशास्त्र' नांवाचा ग्रंथ प्राचीन म्हणून दाखवतात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतल्या पांच शास्त्रज्ञांनीं १९७४ सालीं तो तपासला आणि दाखवून दिलें कीं ग्रंथ १९०४ च्या मागचा नाहीं व त्यांतलें एकही विमान उडणार नाहीं. जें विमान खरोखर उडालें, तें १७ डिसेंबर १९०३ रोजीं अमेरिकेंत. उडवणारे राइट बंधु डेटन गांवीं सायकली दुरुस्त करीत. कॉलेजांत दोघेही गेले नव्हते. त्या विमानाचें इंजिन चार्ली टेलर नांवाच्या त्यांच्या कारागिरानें दुकानांतल्या लेथवर सहा आठवड्यांत तयार केलें. पहिलें उड्डाण १२ सेकंदांचें आणि १२० फुटांचें. म्हणजे विमानाचा जन्म सायकलच्या दुकानांत झाला. तें घर आणि तुमचें घर यांत फारसें अंतर नाहीं.

आपल्या देशाचें हवाई दल कायद्यानें ८ ऑक्टोबर १९३२ रोजीं स्थापन झालें. १ एप्रिल १९३३ रोजीं कराचीजवळ ड्रिग रोडला त्याची पहिली तुकडी उभी राहिली. चार वापिती विमानें, सहा अधिकारी आणि १९ हवाई सिपाई, एवढाच संसार. तीं विमानें कापडानें मढवलेलीं असत. त्या काळीं विमानाच्या कामांत सुताराचा रंधा आणि शिंप्याची सुई दोन्ही लागत. हिंदी माणसाला यंत्र झेपणार नाहीं असें म्हणणारे गोरे साहेब तेव्हां थोडे नव्हते.

त्या १९ जणांत हरजिंदर सिंग नांवाचा पंजाबी तरुण होता. लाहोरला इंजिनियरिंग शिकलेला, पण हवाई दलांत आला तो साधा सिपाई म्हणून. १९४२ सालीं ब्रह्मदेशांत जपान्यांशीं लढाई जुंपली. आपल्या पहिल्या स्क्वाड्रनजवळ लायसँडर विमानें होतीं, तीं टेहळणीचीं. हरजिंदर सिंगांनीं आणि त्यांच्या कारागिरांनीं त्यांना बॉम्ब नेण्याची सोय जागेवरच करून दिली आणि तींच विमानें शत्रूच्या तळावर चालून गेलीं. सिपाई म्हणून आलेला हा माणूस पुढें एअर व्हाइस मार्शल झाला. कानपूरला दुरुस्तीच्या कारखान्यांत त्यानें १९५८ सालीं 'कानपूर' नांवाचें विमान तयार करून उडवलें. पान्यानें सुरुवात करणारा माणूस कोठवर जातो हें पोरांनीं ध्यानांत ठेवावें.

आतां आमचें रोजचें काम सांगतों. विमान उडण्यापूर्वीं सांगाड्याचा फिटर, इंजिनचा फिटर, विजेचा, उपकरणांचा, रेडिओचा, शस्त्रांचा असे सर्वजण आपापला भाग तपासतात आणि एका पुस्तकांत सही करतात. त्या पुस्तकाला आम्ही 'सातशें' म्हणतों. मग वैमानिक येतो, तें पुस्तक वाचतो, आपली सही करतो आणि मगच शिडी चढतो. तो कितीही मोठा साहेब असो, फिटरची सही नसेल तर विमान जागचें हालत नाहीं. हत्यारांच्या फळीवर प्रत्येक पान्याची आकृति रंगवलेली असते. काम संपलें कीं पाना आपल्या आकृतीवर बसला पाहिजे. एकदां एक लहान पाना फळीवर दिसेना. रात्रीचे दहा वाजलेले. त्या रांगेंतलें एकही विमान उडूं दिलें नाहीं. आम्ही आठजण हातांत बॅटऱ्या घेऊन दोन वाजेपर्यंत शोधीत होतों. शेवटीं तो ढकलगाडीच्या खांचेंत सांपडला. कोणी हंसलें नाहीं. राहिलेला पाना उडतां उडतां दांड्यांत अडकला तर माणूस मरतो.

तेथें जात विचारीत नाहींत. जेवणाच्या मेजावर लोहार, माळी, महार, मराठा, बंगाली, मल्याळी शेजारीं शेजारीं बसतात. तरी खोटें बोलणार नाहीं. पायऱ्या तेथेंही आहेत. अधिकाऱ्यांचा मेस निराळा, आमचा निराळा. सलाम आम्ही आधीं करायचा. पण ती पायरी परीक्षा देऊन चढतां येते, जन्मानें मिळत नाहीं. हा भेद लहान नाहीं.

आतां म्हातारीचा प्रश्न. आजी, पडतें. खोटा दिलासा आम्ही देणार नाहीं. एके दिवशीं आमच्या सहीनें गेलेलें मिग विमान परत आलें नाहीं. वैमानिक खुर्चीसकट बाहेर फेंकला गेला आणि वांचला. पण त्याच क्षणीं तें सातशेंचें पुस्तक लाखबंद केलें गेलें. चौकशी संपेपर्यंत आम्हांला झोंप नव्हती. आपण तो बोल्ट आंवळला होता ना? तार पिळली होती ना? पुढें निकाल लागला कीं इंजिनांत घार शिरली. धांवपट्टीजवळच्या वस्तींत मेलेलीं जनावरें उघड्यावर टाकीत, त्यावर घारी येत. मंडळी, विमानतळाशेजारीं राहणारांनीं हें लक्षांत घ्या. तुमच्या घाणीवर आलेला पक्षी कोणाच्या तरी लेकराचा जीव घेतो.

युद्धांत तर मरण समोरच असतें. १४ डिसेंबर १९७१ रोजीं श्रीनगरवर सहा सेबर विमानें चालून आलीं. निर्मलजित सिंग सेखों आपल्या नॅट विमानांत उडाले, त्यांच्याशीं भिडले आणि त्यांतच गेले. हवाई दलाला मिळालेलें एकच परमवीरचक्र त्यांचें. त्यांचे वडीलही हवाई दलांतच होते, मानद फ्लाइट लेफ्टनंट. त्या घरानें मोठी किंमत दिली. म्हणून आजी, नातवाला अडवूं नका, पण तो कशाला जातो आहे हें त्याला आणि तुम्हांला दोघांनाही समजलेलें असावें.

दुसरा प्रश्न बैलांचा. आमच्या वेळीं वीस वर्षांची नोकरी असे आणि पुढें पेन्शन. जून २०२२ मध्यें सरकारनें अग्निपथ योजना काढली. साध्या भरतीचा रस्ता आतां हाच. जाहीर झाली तेव्हांचा हिशेब असा. नोकरी चार वर्षें. पगार पहिल्या वर्षीं दरमहा ३० हजार, त्यांतले ९ हजार निधींत कापून हातांत २१ हजार. चौथ्या वर्षीं ४० हजार, हातांत २८ हजार. जेवढें कापलें तेवढेंच सरकार घालतें आणि चार वर्षांअखेर व्याज सोडून दहा लाखांवर थोडी रक्कम मिळते. पेन्शन नाहीं, ग्रॅच्युइटी नाहीं. शेंकडा २५ पर्यंत मुलांना कायम ठेवतात, बाकीचे घरीं येतात. ही योजना चांगली कीं वाईट यावर मोठमोठे लोक भांडतात. आम्ही एवढेंच सांगतों कीं, चारांतलीं तीन मुलें परत येणार हें धरूनच घराचा विचार करा. त्या चार वर्षांत मुलानें पुढची परीक्षा द्यावी, पदवी किंवा डिप्लोमा पुरा करावा. आणि तो निधि लग्नाच्या मांडवांत आणि वाजंत्र्यांत जाळूं नका. चार वर्षांचा घाम एका दुपारीं पंगतीला वाढायचा नसतो.

आणि बैल? बैल विकायचे नाहींत! आमच्या ओळखीच्या एका घरानें बैलजोडी आणि आईची बोरमाळ विकून एका दलालाला पैसे दिले. त्यानें शिक्क्यासकट हुकूम आणून दिला. पोरगा पेटी घेऊन दाराशीं गेला, तेव्हां पहारेकऱ्यानें कागद पाहिला आणि मान हलवली. शिक्का खोटा. पोरगा गांवीं येईना, लाजेनें शहरांत हमाली करूं लागला. मंडळी, अर्ज आपण भरायचा, परीक्षेची ठरलेली फी भरायची, पावती घ्यायची. याखेरीज जो एक पैसा मागेल तो चोर समजा. अर्जापूर्वीं ताजी जाहिरात शब्द न्‌ शब्द वाचा, कारण अटी बदलतात. शास्त्र शाखेच्या मुलाला बारावीस गणित, पदार्थविज्ञान आणि इंग्रजी लागतें. इंजिनियरिंगचा डिप्लोमाही चालतो. म्हणून पैसे घालायचेच असतील तर गणितावर घाला.

गणवेश हाच एक रस्ता आहे असेंही नाहीं. निफाड तालुक्यांत, कांद्याद्राक्षांच्या मुलखांत, ओझरला १९६४ सालापासून विमानांचा कारखाना आहे. तेथें मिग बनले, पुढें सुखोई बनले. त्या मिग-२१ विमानांना २६ सप्टेंबर २०२५ रोजीं चंदीगडला निरोप दिला. हवाई दलाची दुरुस्तीची सर्व व्यवस्था पाहणारें मुख्य ठाणें आपल्या नागपूरला आहे. आय.टी.आय. झालेल्या पोराला हीं दारें माहीत असावींत. आणि ज्याला अधिकारीच व्हायचें आहे त्याच्यासाठीं छत्रपति संभाजीनगरला राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व संस्था १९७७ सालापासून आहे. ती दहावीनंतर मुलांची खडकवासल्याच्या प्रबोधिनीसाठीं तयारी करून घेते.

आतां तिसरा प्रश्न. पोरी, पदराआडून बाहेर ये. घेतात! १८ जून २०१६ रोजीं अवनी चतुर्वेदी, भावना कंठ आणि मोहना सिंग या तिघी लढाऊ विमानांच्या शाखेंत अधिकारी झाल्या. सुप्रीम कोर्टाच्या २०२१ च्या हुकुमानंतर २०२२ पासून खडकवासल्याला मुली शिकूं लागल्या. २०२३ सालीं मुलींची पहिली अग्निवीर तुकडी सांबऱ्याला तयार झाली, जेथें आम्ही कवायत केली त्याच मैदानावर. आईबापांनो, तुमच्या मुलीचें गणित चांगलें असेल तर तिला सातवीनंतर खुरप्याला जुंपूं नका.

आमचें मागणें मोठें नाहीं. गांवांत एक खोली, एक दिवा, एक फळा आणि आठवड्यांतून तीन रात्री गणित शिकवणारा एक माणूस. शिकवायला आम्ही येतों, फुकट येतों. सुताराच्या, कुंभाराच्या, कुणब्याच्या पोरांचे हात तयार आहेतच. त्यांच्या हातांत माप देण्याचें काम तेवढें राहिलें आहे. येत्या सोमवारीं रात्रीं आठ वाजतां याच शाळेंत पहिला पाठ घेऊं. येतांना वही आणावी.

इतकें बोलून आम्ही आपली रजा घेतों.