मोडलेला गुडघा आणि दंडाचा हिशेब

(वडवणी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समाजवादी कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात खेळातील शिक्षा हा विषय यावा, याचे काहींना आश्चर्य वाटेल. शेतमालाचे भाव, ऊसतोडणीचे दर, पाण्याची टंचाई हे प्रश्न समोर उभे असताना कबड्डीच्या मैदानाकडे आणि कुस्तीच्या फडाकडे वळण्याचे प्रयोजन काय, असेही विचारले जाईल. प्रयोजन आहे, आणि ते वडवणीइतके क्वचितच कोठे स्पष्ट दिसेल. दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जाणारी व पाडव्याच्या सुमारास परतणारी माणसे या भागातील आहेत. त्यांच्यापाशी शरीरावाचून दुसरे भांडवल नाही. मुकादमाकडून घेतलेली उचल या शरीराच्याच तारणावर घेतलेली असते. चैत्रात गावोगावच्या जत्रा भरल्या म्हणजे तेच शरीर फडात उतरते, तेच दिव्यांच्या उजेडात चढाईला जाते. ते शरीर कोणी जाणूनबुजून मोडले, तर पुढचा हंगाम बुडतो. उचल मात्र तशीच अंगावर राहते. अशा मोडतोडीचा हिशेब कोणी आणि कसा चुकता करावा, हा अर्थशास्त्राचा आणि न्यायाचा प्रश्न आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगर येथे झालेली महाराष्ट्र केसरी स्पर्धा अनेकांच्या स्मरणात असेल. गादी विभागातील निर्णायक लढतीत पाठ टेकल्याचा निर्णय शिवराज राक्षे या मल्लाला मान्य झाला नाही. वाद वाढला आणि त्याने पंचाला लाथ मारली. त्याच स्पर्धेत महेंद्र गायकवाड या मल्लावरही पंचांशी गैरवर्तन केल्याचा ठपका आला. कुस्तीगीर संघाने दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी घोषित केली. निर्णय बरोबर होता की चूक, हा वाद निराळा. पंचावर लाथ उगारणे कोणत्याही परिस्थितीत समर्थनीय नाही, आणि त्याला कठोर शिक्षा हवी याविषयी दुमत असू नये. परंतु या तीन वर्षांच्या शेजारी दुसरी एक शिक्षा ठेवून पाहिली पाहिजे.

कबड्डीच्या नियमांत चढाईपटूचे तोंड किंवा गळा दाबणे, इजा होईल अशी हिंसक पकड करणे, पायांची कैची घालणे हे सारे निषिद्ध आहे. त्यासाठी पंचापाशी तीन कार्डे असतात. हिरवे कार्ड ताकिदीचे, पिवळे दोन मिनिटे बाहेर बसवण्याचे आणि लाल सामन्यातून काढून टाकण्याचे. पुरुषांचा सामना चाळीस मिनिटांचा. ज्याच्या गुडघ्याचा स्नायुबंध तुटतो, त्याला मात्र शस्त्रक्रियेनंतर पुन्हा मैदानावर यायला सहा महिने ते वर्ष लागते. काहींना येताच येत नाही. एकाची शिक्षा मिनिटांत आणि सामन्यांत मोजली जाते, दुसऱ्याचे नुकसान महिन्यांत आणि वर्षांत.

कुस्तीतही चित्र फारसे वेगळे नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये ४ ऑगस्ट २०२१ रोजी ५७ किलो गटाच्या उपांत्य लढतीत कझाकस्तानच्या नूरइस्लाम सनायेवने रवी दहियाच्या दंडाचा चावा घेतला. दातांचे वण सर्व जगाने छायाचित्रांत पाहिले. रवीने त्याही स्थितीत त्याला चीत केले, आणि विजयाच्या आनंदात जखमेची चर्चा विरून गेली. रवीचा विजय हा त्याच्या पराक्रमाचा भाग झाला. चाव्याची शिक्षा तो नव्हे. रवी हरला असता, तर त्या चाव्याची किंमत काय ठरली असती?

यातून दिसते ते असे की, खेळाच्या संस्था आपल्या अधिकाराचे रक्षण ज्या तत्परतेने करतात, त्या तत्परतेने खेळाडूच्या शरीराचे करीत नाहीत. कामगार चळवळीत वावरलेल्यांना हे नवे नाही. मुकादमाला उलट बोललेल्या कामगाराला नोटीस त्याच दिवशी मिळते. यंत्रात बोटे गेलेल्या कामगाराची भरपाई वर्षानुवर्षे कज्जात अडकते. १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला, तेव्हा कामावर मोडलेल्या शरीराचा भार मालकाने उचलावा हे तत्त्व या देशाने मान्य केले. खेळ हा ज्यांचा व्यवसाय झाला आहे, त्यांच्याबाबत हे तत्त्व अद्याप मैदानाच्या बाहेरच उभे आहे.

कायदा याबाबत मुका नाही. भारतीय दंडविधान १८६० चे. त्याच्या ८७ व्या कलमाखाली एक उदाहरण दिले होते. दोन व्यक्ती करमणुकीसाठी तलवारबाजी खेळायचे ठरवतात. खेळता खेळता, कपट न करता जी इजा होईल ती सोसण्यास दोघांची संमती असते. म्हणून सरळ खेळताना इजा झाल्यास तो अपराध होत नाही. १ जुलै २०२४ पासून दंडविधानाची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आणि हीच तरतूद तिच्या २५ व्या कलमात आली. तिच्यातील तीन अटी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. संमती सरळ खेळापुरती आहे. जेथे जबर दुखापत करण्याचा हेतू आहे, तेथे संमतीचे संरक्षण नाही; आणि हाड मोडणे किंवा सांधा निखळणे ही कायद्याच्या भाषेत जबर दुखापतच आहे. तिसरी अट अशी की, ही संमती अठरा वर्षांवरील व्यक्तीची असावी लागते. जत्रेच्या संघांत पंधरा-सोळा वर्षांची मुले सर्रास उतरवली जातात. त्यांच्या संमतीचा आधार या कलमाखाली घेता येत नाही, याची जाणीव किती आयोजकांना आहे?

व्यावसायिकतेने या प्रश्नाला नवी धार आली आहे. प्रो कबड्डी लीग २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा लिलावातील सर्वोच्च बोली राकेश कुमारसाठी लागली, ती १२ लाख ८० हजार रुपयांची. २०२३ च्या लिलावात पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाखांहून अधिक रुपये मोजले गेले. ग्रामीण भागातील कष्टकऱ्यांच्या मुलांना या खेळाने पैसा आणि प्रतिष्ठा दिली, याचे स्वागतच केले पाहिजे. पण याच पवनला २०२२ मध्ये २ कोटी २६ लाखांना घेतले गेले असताना पहिल्याच सामन्यात गुडघ्याला इजा झाली आणि त्याचा संपूर्ण हंगाम गेला. तो निव्वळ अपघात होता, त्यात कोणाचा दोष नव्हता. परंतु एका गुडघ्यावर संघाचे भवितव्य किती अवलंबून असते, हे त्यातून सर्वांना कळले. ज्या वस्तूचे मोल इतके वाढते, ती प्रतिस्पर्ध्याच्या हातून नष्ट करण्याचा मोहही वाढतो. लाभ कोटींचा आणि शिक्षा दोन मिनिटांची असेल, तर सभ्यतेचे सारे ओझे खेळाडूच्या सद्सद्विवेकावर टाकल्यासारखे होते. विवेकावर विसंबून कोणताही बाजार नीट चाललेला नाही.

हा मोह कोठवर जातो, ते अमेरिकेत दिसले. तेथील व्यावसायिक फुटबॉलमध्ये न्यू ऑर्लिन्स सेंट्स या संघात २००९ ते २०११ या काळात प्रतिस्पर्ध्याला जायबंदी करण्यासाठी बक्षिसे ठेवली गेल्याचे २०१२ मध्ये लीगच्या चौकशीत उघड झाले. प्रतिस्पर्ध्याला उचलून न्यावे लागले तर हजार डॉलर, तो सामन्यात परतू शकला नाही तर दीड हजार, असा दर होता. मुख्य प्रशिक्षकाला पूर्ण वर्षभर निलंबित करण्यात आले. खेळाडूंवरील निलंबने मात्र फेरविचारात रद्द झाली, कारण या प्रकाराची मुख्य जबाबदारी प्रशिक्षक व व्यवस्थापनाची ठरली. हात खेळाडूचा असला तरी सुपारी देणारा वेगळा असू शकतो, हा त्यातला बोध आहे.

कॅनडात ८ मार्च २००४ रोजी आइस हॉकीच्या सामन्यात टॉड बर्टुझी याने स्टीव्ह मूर याच्यावर मागून हल्ला केला. मूरच्या मानेची हाडे मोडली आणि तो त्या लीगमध्ये पुन्हा कधीही खेळला नाही. बर्टुझीने फौजदारी न्यायालयात गुन्हा कबूल केला, पण तुरुंगवास झाला नाही. तो पुढे अनेक वर्षे खेळत राहिला. मूरचा भरपाईचा दावा मिटायला २०१४ साल उजाडले. मारणारा मैदानात आणि मार खाणारा दहा वर्षे कोर्टात, याला न्याय म्हणणे कठीण आहे.

यावर आक्षेप येतील आणि ते ऐकले पाहिजेत. हेतू कसा ओळखावा, हा पहिला आक्षेप. कायदा सर्वत्र कृतीवरूनच हेतू ओळखतो. शिट्टी वाजल्यावरही घोटा पिरगाळत राहणे, चढाईपटू बाद झाल्यावर त्याच्या गुडघ्यावर उडी घेणे, गळा आवळणे, आधी धमकी दिलेली असणे, तोच प्रकार पुन्हा पुन्हा घडणे, या खुणा अनुभवी पंचाला आणि वस्तादाला ओळखता येतात. दुसरा आक्षेप असा की, प्रत्येक पकडीमागे पोलीस आला तर खेळच संपेल. ही भीती रास्त आहे. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने २००४ मध्ये बार्न्स या फुटबॉलपटूच्या खटल्यात शिक्षा रद्द केली आणि पुरेसे गंभीर कृत्य असेल तेथेच फौजदारी कायद्याने खेळात शिरावे, असा निर्वाळा दिला. ती मर्यादा येथेही पाळावी. जोरकस पकड हा कबड्डीचा प्राण आहे. तिला गुन्हा ठरवणारा खेळाचा शत्रूच म्हणावा लागेल.

तिसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा आहे. इजा करणाराही बहुधा गरीब घरचाच मुलगा असतो. त्याला तुरुंगात धाडून काय साधणार? म्हणूनच शिक्षेचा रोख सूडाकडे न ठेवता भरपाईकडे ठेवला पाहिजे. तिची चौकट अशी असावी. दुसऱ्याला जायबंदी करण्याचा प्रयत्न सिद्ध झाला की इजा झालेली नसली तरीही किमान एका हंगामाची बंदी असावी, कारण प्रतिस्पर्धी नशिबाने वाचला म्हणून हेतू निर्दोष ठरत नाही. इजा झाली असल्यास, डॉक्टरांच्या दाखल्यानुसार जखमी खेळाडू जितका काळ बाहेर राहील तितका काळ इजा करणाऱ्यानेही बाहेर राहावे. दंडाची रक्कम संस्थेच्या तिजोरीत न जाता जखमीच्या हाती पडावी. न्यायालयाला दंडातून जखमीस भरपाई देण्याचा अधिकार १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३५७ व्या कलमाने होता आणि आज नागरिक सुरक्षा संहितेच्या ३९५ व्या कलमाने आहे. क्रीडासंस्थांनी तेच तत्त्व उचलायचे आहे. ही भरपाई एकट्या खेळाडूच्या माथी न मारता संघमालक आणि आयोजक यांनाही तिच्यात बांधून घ्यावे. आणि चिथावणी देणाऱ्या प्रशिक्षकाला खेळाडूपेक्षा अधिक कडक शिक्षा असावी.

दिल्ली-मुंबईतील संघटना हे कधी स्वीकारतील, याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. वडवणी तालुक्यातील जत्रांच्या समित्यांत आणि क्रीडा मंडळांत कार्यकर्ते आहेतच. स्पर्धेचे पत्रक छापताना इनामांच्या यादीखाली चार ओळींत हे नियम छापता येतात. इनामाच्या रकमेतून आणि देणग्यांतून ठरावीक हिस्सा जखमींच्या निधीसाठी आधीच बाजूला काढता येतो. खेळाडूंचा अपघात विमा उतरवल्याखेरीज मैदान आखायचे नाही, एवढा आग्रह धरता येतो. अठरा वर्षांखालील मुलांना प्रौढांच्या संघात उतरवू द्यायचे नाही, हे ठरवता येते. आणि प्रतिस्पर्ध्याला लोळवून जायबंदी केल्याबद्दल ज्याच्या नावाने शिट्ट्या पडतात, त्याच्या गळ्यात हार घालायला व्यासपीठावर कोणी जायचे नाही, हेही कार्यकर्त्यांच्याच हाती आहे.

पुढच्या चैत्रात फड पुन्हा भरतील. त्यात उतरणारा प्रत्येक जण आपल्या पायांनी घरी गेला पाहिजे, आणि दसऱ्यानंतर कोयता उचलायचा की नाही हे त्याचे त्याला ठरवता आले पाहिजे. दुसऱ्याच्या पायाखालून ती निवड काढून घेणाऱ्याला दोन मिनिटे बाहेर बसवून भागणार नाही.