गावचे बंद घर
(सुवर्णमहोत्सवी वर्षातील मासिक सभेत केलेले भाषण)



बंगळूरला आपण मराठी माणसे भेटलो की दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, 'मूळ गाव कोणते?' आणि दुसरा, जरा खालच्या आवाजात, 'तिकडे आता कोण असते?' दुसऱ्याचे उत्तर बहुधा एका कुलपात असते.

माझे गाव लांजा तालुक्यात. आमच्या शेजारचे चिरेबंदी घर कित्येक वर्षे बंद आहे. ओटी, माजघर, मागे पडवी. पलीकडे भातशेती आणि नारळ-सुपारीचे आगर, मिळून बावीस गुंठे. सेवानिवृत्तीनंतर तेथे राहावे म्हणून ते विकत घेण्याचे मी मनावर घेतले. (आम्हां केंद्र सरकारच्या नोकरांना स्थावर घेण्यापूर्वी वरिष्ठांस कळवावे लागते. मला वाटले, सर्वांत कठीण काम ते. ते सर्वांत सोपे निघाले.) रात्रीच्या बसने कोल्हापूर गाठले, आंबा घाट उतरलो, आणि मालकांच्या मुंबईच्या नातवाशी एका संध्याकाळी किंमतही ठरली.

मग सातबारा काढला. खातेदार म्हणून नाव आजोबांचे, आणि आजोबा 1968 साली वारलेले! वारसाची नोंद वास्तविक तीन महिन्यांत करावयाची. येथे पन्नासांहून अधिक वर्षे कोणी केली नव्हती. हिशेब मांडला तेव्हा सतरा वारस निघाले. मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे, हे 2005 च्या दुरुस्तीनंतर तरी कोणी विसरू नये. पण त्या घरच्या लेकींना कोणी विचारलेच नव्हते.

दुसरा धक्का माझाच होता. महाराष्ट्रात 1948 च्या कूळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे शेतजमीन घेणारा स्वतः शेतकरी असावा लागतो. नसल्यास जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मी म्हणालो, आम्ही तर पिढ्यान्‌पिढ्या शेतकरी! पण वडिलांनी 1974 साली धाकट्या भावाला हक्कसोडपत्र लिहून दिलेले. 'जमीन तू राखतोस, तुझीच असू दे,' एवढ्याच भावनेने. त्यांच्या त्या सहीचा मला अभिमान आहे. मात्र त्या सहीने मी कागदोपत्री शेतकरी उरलो नाही. गंमत पाहा, कर्नाटकात ही अट 2020 साली उठली. रामनगरला मी उद्या शेत घेऊ शकतो, माझ्या जन्मगावी नाही.

ही कोंडी केवळ आपलीच आहे असे समजू नका. जपानमध्ये 2023 च्या पाहणीत सुमारे 90 लाख घरे रिकामी आढळली. खेड्यांतील अशी घरे नाममात्र किमतीतही मिळतात. परंतु लगतची शेती घ्यावयाची तर गावच्या कृषिसमितीची परवानगी हवी. किमान क्षेत्राची जुनी अट त्यांनी 2023 च्या एप्रिलमध्ये काढून टाकली. एप्रिल 2024 पासून तर वारसनोंद तीन वर्षांत न केल्यास दंडाची तरतूद आहे. दंडाची कल्पना मला कठोर वाटत नाही. आपल्याकडे दंड पुढची पिढी भरते.

म्हणून मी जमिनीचा नाद सोडला. घर गावठाणात आहे, ते मला घेता येते. आगर चुलतभाऊ घेईल. तो खातेदार आहे. जमलेल्या तरुण मंडळींना एवढेच विचारतो: तुमच्या गावच्या सातबाऱ्यावर आज कोणाचे नाव आहे? तो आता घरबसल्या पाहता येतो. आणि कोणत्या आत्याचे, कोणत्या मावशीचे नाव राहून गेले, हे सांगणारी माणसे अजून घरात आहेत तोवर विचारून ठेवा.

सतरांपैकी सोळा जणांनी संमती दिली आहे. उरल्या नागपूरच्या आत्या, त्या घरची थोरली लेक, वय ऐंशीच्या पुढे. मी फोन केला तेव्हा म्हणाल्या, "सही देईन रे बाबा. पण आधी एक रात्र माजघरात निजू दे." मे महिन्यात त्यांना घेऊन जाणार आहे. त्यापूर्वी छप्पर शाकारून घ्यावयाचे आहे. माजघरावरची कौले फुटली आहेत.