गोव्याची भूमि आणि तिचा आराखडा

नकाशावर रेघ ओढणें दिसावयास क्षुल्लक. परंतु त्या रेघेच्या एका बाजूस भातशेत राहतें व दुसऱ्या बाजूस इमारत उभी राहते. भूमि कोणत्या कामीं लावावी हें ठरविणाऱ्या प्रांतिक सरकारच्या हातीं पुढील पिढ्यांचें अन्नपाणीहि असतें. या दृष्टीनें गोव्याचा अनुभव विचार करण्याजोगा आहे.

गोव्याचें क्षेत्रफळ सुमारें ३,७०२ चौरस किलोमीटर. पूर्वेस सह्याद्रीचीं अरण्यें, पश्चिमेस समुद्र आणि मध्यें मांडवी-जुवारीच्या कांठीं खाजन शेतें. हीं शेतें भरतीच्या पातळीहून खालीं असतात. मातीचे बांध आणि ओहोटीस उघडणारीं व भरतीस मिटणारीं लांकडी दारें, ज्यांस 'मानस' म्हणतात, यांच्या योगानें खारें पाणी अडवून तेथें भात पिकवितात. बांध एका जागीं फुटला तरी नुकसान साऱ्या गांवाचें होतें. म्हणूनच भूमीचा विचार तुकड्यातुकड्यानें करून भागत नाहीं.

समग्र प्रदेशाचा आराखडा करण्याची सोय १९७४ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्यानें केली. परंतु २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या '२०११ च्या प्रादेशिक आराखड्यां'त शेतें व डोंगरउतार वसाहतीकडे वळविल्याचें दिसतांच लोकक्षोभ उसळला, आणि २००७ च्या आरंभीं सरकारनें तो मागें घेतला. नंतरच्या कृतिदलांत वास्तुविशारद चार्ल्स कोरिया होते. या दलानें क्रम पालटला : काय राखावयाचें हें आधीं, कोठें बांधावयाचें हें नंतर. अरण्यें, खाजनें, जलाशय व तीव्र उतार यांस संवेदनक्षम ठरविण्यांत आलें. नकाशे गांवोगांवीं पाठवून लोकांचें मत मागविण्यांत आलें.

तथापि हा '२०२१ चा आराखडा' २०१२ सालीं स्थगित झाला. पुढें कायद्यांत दुरुस्त्या होऊन एकेका भूखंडाचा उपयोग बदलून देण्याची वाट मोकळी झाली. २०२३ च्या अशाच एका पोटकलमाखालील नियम मार्च २०२५ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें गोव्यांत रद्द ठरविले.

उत्तम आराखडा करणें हें अर्धेंच काम होय. पूर्वीं गांवकरी संस्था बांध घालून स्वस्थ बसत नसत. त्याची डागडुजी हें साऱ्या गांवाचें कर्तव्य मानीत. आराखड्यासहि तीच जागरूकता लागते. प्रत्येक अपवाद लहानच भासतो; परंतु अपवादांची बेरीज झाल्यावर राखावयास कांहीं उरत नाहीं.