डॉ. रोल्फ सीवर्ट : एक कृतज्ञ स्मरण
(वार्षिक संमेलनप्रसंगी केलेले भाषण)



ज्ञातीतील गुणीजनांचा गौरव करण्याचा आपल्या संमेलनाचा प्रघात आहे व तो उचितच आहे. परंतु ज्यांचे ऋण आपल्या घराघरांवर आहे, अशा परदेशस्थ पुरुषाचे स्मरण केल्यानेही संमेलनाची शोभा वाढेल, असे आम्हांस वाटते. म्हणून स्वीडनचे शास्त्रज्ञ डॉ. रोल्फ सीवर्ट यांच्याविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा आम्ही घेत आहोत.

रंटगेन यांनी १८९५ च्या नोव्हेंबरात क्ष-किरण शोधले. पुढील वर्षीच्या मे महिन्यात स्टॉकहोम येथे सीवर्ट जन्मास आले. या नव्या किरणांनी मोडलेले हाड दिसू लागले. परंतु ते किरण हाताळणाऱ्यांची कातडी भाजू लागली, बोटे झडू लागली, कित्येकांस कर्करोग जडला. अशा हुतात्म्यांचे स्मारक १९३६ साली जर्मनीत हॅम्बर्ग येथे उभारले गेले, तेव्हाच त्यावर १६९ नावे कोरावी लागली. किरण डोळ्यांस दिसत नाहीत, अंगास जाणवत नाहीत; मग किती घेतले म्हणजे घात होतो, हे ठरवावे कसे?

या प्रश्नास सीवर्ट यांनी आयुष्य वाहिले. वडिलांचा विद्युत्-तारांचा मोठा कारखाना होता. परंतु हे गृहस्थ स्टॉकहोमच्या रेडियमहेमेट या कर्करोग-रुग्णालयात मोजमापाच्या कामास लागले. रुग्णाच्या शरीरावर ठेवून किरणांची मात्रा मोजता यावी, असे चिमुकले मापक त्यांनी घडविले. जे मोजता येते, त्यास मर्यादा घालता येते, हे त्यांच्या कार्याचे मर्म होय.

ही मर्यादा एका देशाने घालून भागण्यासारखे नव्हते. १९२८ साली स्टॉकहोम येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत किरणसंरक्षणाची समिती स्थापन झाली. तिच्या आद्य सदस्यांत सीवर्ट होते. १९५६ ते १९६२ या काळात त्यांनी तिचे अध्यक्षपद भूषविले. अण्वस्त्रांच्या चाचण्यांनी जग धास्तावले होते, तो हा काळ. १९५५ साली संयुक्त राष्ट्रसंघाने किरणोत्सर्गाच्या परिणामांचा अभ्यास करण्यासाठी पंधरा राष्ट्रांची समिती नेमली. तीत आपला भारतही होता. त्या समितीची धुराही सीवर्ट यांनी काही काळ वाहिली.

येथे एक गोष्ट आम्हांस विशेष बोधप्रद वाटते. आंतरराष्ट्रीय किरणसंरक्षण समितीच्या हाती दंडसत्ता नाही. ती केवळ शिफारस करते. तरीही राष्ट्रेच्या राष्ट्रे तिच्या आधारे आपले नियम करतात. अभ्यास निर्मळ असला व हेतू निःस्वार्थ असला म्हणजे शब्दास वजन येते. आपल्यासारख्या, केवळ परस्परविश्वासावर चालणाऱ्या संस्थांनी हे ध्यानी धरावे.

सीवर्ट १९६६ साली निवर्तले. १९७९ साली किरणमात्रेच्या आंतरराष्ट्रीय एककास त्यांचे नाव देण्यात आले. १९५८ च्या शिफारशींनी कामगारासाठी वर्षास सरासरी ५० मिलिसीवर्टची मर्यादा घातली होती. नव्या ज्ञानाच्या प्रकाशात १९९० साली ती पाच वर्षांच्या सरासरीने वर्षास २० वर आणण्यात आली.

आपली मुले-मुली आज रुग्णालयांत व कारखान्यांत अशा यंत्रांशेजारी काम करतात. त्यांस आमची कळकळीची विनंती आहे, की छातीवरील मापक बिल्ला हे ओझे समजून खुंटीस टांगून ठेवू नका. किरणांजवळ थोडाच वेळ थांबा, अंतर राखा, आड शिशाची भिंत असू द्या. गृहिणींनी दिवस गेल्याची शंका असल्यास एक्स-रे काढण्यापूर्वी ते निःसंकोच सांगावे. वैद्याने आवश्यक म्हटलेली तपासणी भीतीने टाळू नये. आणि नको म्हटलेलीचा आग्रहही धरू नये.

ही दक्षता घरोघर पाळली गेली, तर तीच या थोर पुरुषास आपली खरी आदरांजली ठरेल.