नाला लवकर कां आटतो?

(नागभीड तालुक्यांतील एका गांवीं तळ्याच्या पाळीवर झालेलें भाषण)



आपल्या नाल्याला पूर्वीं उन्हाळा लागेपर्यंत धार असे, असें म्हातारीं माणसें सांगतात. आतां तो पावसाळ्यांत घरांत शिरतो आणि होळीच्या आधींच कोरडा पडतो. कोणी म्हणतो नशीब फिरलें, कोणी म्हणतो पाऊस रुसला. माझें म्हणणें असें कीं, नशिबाला बोल लावण्यापूर्वीं पाणी कोठें थांबत असे व आतां कां थांबत नाहीं, हें पाहावें.

आपल्या मुलखांत पाऊस थोडा नाहीं. पण तो बहुतेक चार महिन्यांतच पडून जातो. तो धरून ठेवण्याचीं ठिकाणें तीन: रानांतील पालापाचोळ्याची भुसभुशीत माती, धानाच्या बांध्या आणि तळीं-बोड्या. चांद्याच्या गोंड राजांच्या अमलांत तळें बांधणारास तुकूम म्हणून जमीन मिळे. तो शब्द गांवांच्या नांवांत आजहि आहे. पुढें नांव मालगुजाराचें झालें. पण पाळ घातली कोणीं? कोहळ्यांनीं, गोंडांनीं, डोक्यावर माती वाहणाऱ्या आपल्या आयाबहिणींनीं!

१९५० च्या कायद्यानें मालगुजारी गेली, हें फार चांगलें झालें. पण तळीं सरकारजमा होऊन ‘माजी मालगुजारी’, म्हणजे मामा तलाव झालीं, आणि पुष्कळ ठिकाणीं गाळ काढणारा धनीच उरला नाहीं. तळें उथळ झालें म्हणजे पाणी सांडव्यावरून एकदम सुटतें. नाला फुगतो व लवकर ओसरतो. हिंवाळ्यांतली धार ही जमिनींत मुरलेल्या पाण्याची. तेंच पाणी आपण बोअरवेलनें आधीं उपसलें, तर नाल्याला काय उरणार? तिकडे चंद्रपूरजवळ इरईच्या कांठीं कोळशाच्या खाणींतील मातीचे ढीग उभे राहिले व पात्र दाटलें. कारणें जागोजागीं निराळीं असतात.

म्हणून अंदाजानें भांडूं नका, मोजा. एक साल ओलें, एक कोरडें जायचेंच. दोन सालांवरून नदी बदलली असें ठरत नाहीं. पण पाऊस तितकाच पडून धार सालोसाल लवकर तुटत असेल, तर दोष आभाळाचा नव्हे, जमिनीचा समजावा. पुलाच्या खांबावर फुटांच्या खुणा करून घ्या. शाळेच्या पोरापोरींना वही द्या. पाऊस किती पडला, पाणी कोठवर चढलें, धार कोणत्या तारखेला तुटली, एवढेंच रोज लिहावें. वीस वर्षांची अशी वही ग्रामसभेपुढें ठेवा. मग कोणत्याहि साहेबाला “तुमचा भ्रम आहे” असें म्हणतां येणार नाहीं.

आणि वहीची वाट पाहत गाळ तसाच ठेवूं नका. गाळ शेतांत न्या. मात्र ढिवराचे मासे व कुंभाराची माती यांचा विचार आधीं करा. ज्यांच्या हातांनीं तळें झालें, त्यांच्याच हातीं त्याच्या पाण्याचा हिशेब असला पाहिजे.